खुर्चीचा नियम

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. रविवारची दुपार आहे. शाळा बंद, पण वडगावातले माग काही बंद नाहीत. समोरच्या घरातून धोट्याची खटखट येते आहे आणि माझं डोकं तिच्याबरोबर ठणकतं आहे. मघापासून कितीदा उठले, माठातलं पाणी प्याले, पुन्हा बसले. उद्या सकाळी शाळेच्या कमिटीपुढं माझ्या वर्गातल्या एका मुलीनं हात जोडून माफी मागायची आहे. नाही मागितली तर तिचं नाव पटावरून काढणार. चौथीतली मुलगी, विणकराची. एकदा नाव निघालं की तिला पुन्हा शाळेत कोण घालतंय? पुढच्या वर्षी लग्न लावून मोकळे होतील. आणि तिनं केलं काय, तर तुमचा नियम पाळला. मी तो वर्गात माझा म्हणून आणला हे खरं, पण नियम तुमचा. तेव्हा जाब तुम्हालाच विचारायला हवा.

तुम्ही रोज वर्गात एक खोटी गोष्ट सांगायचात. शहापुरातली ती मुलींची शाळा, एकच लांबट खोली, आम्ही सगळ्या घरून आणलेल्या बस्करांवर, आणि तुमची ती हातांची खुर्ची. भूगोलात, हिशेबात, गोष्टीत, कुठंही ते खोटं दडवून ठेवायचात आणि चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायचा नाहीत. संशय आला की हात वर करायचा आणि विचारायचं, 'कशावरून, बाई?' नुसतं खोटं आहे म्हणून भागत नसे. तुम्ही उलट विचारायचात, 'तुला खोटं वाटतं ते कशावरून?' मग मुलीनं आपलं कारण मांडायचं. कारण पटलं की तुम्ही खुर्चीवरून उठायचात, तिला तिथं बसवायचात आणि स्वतः तिच्या बस्करावर मांडी घालायचात. पुढचा धडा तिथूनच. आम्ही बाकीच्या टाळ्या वाजवायचो. मलप्रभा अरबी समुद्राला मिळते असं तुम्ही एकदा सांगितलंत, तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी ताडकन उठली. "बाई, माझी आत्या मुनवळ्ळीला दिलीया. तिच्या घरामागनं मलप्रभा जाती. मुनवळ्ळी उगवतीला, समुद्र मावळतीला. मग नदी उलटी फिरती व्हय?" तुम्ही हसला नाहीत. उठलात आणि खुर्ची तिच्याकडे सरकवलीत.

मला ती खुर्ची पहिल्यांदा मिळता मिळता राहिली, ते मी विसरलेले नाही. ओलं सूत लवकर तुटतं असं काहीतरी तुमचं खोटं होतं, आणि माझं कारण होतं 'आमचे आप्पा तसं म्हणतात'. तुम्ही म्हणालात, "तुझे आप्पा देवमाणूस आहेत. पण आप्पा म्हणतात हे कारण नव्हे. आणि बाई म्हणतात, हे तर त्याहून नव्हे." मी घरी जाऊन रडले. आप्पांनी मागावरूनच विचारलं, काय झालं गं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्यांना राग यायच्या ऐवजी हसू आलं. "मास्तरीण खाली आन् पोरगी वर? असली कसली शाळा ही!" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सूत हातात देऊन बसवलं, ओलं करून, सुकवून, ताणून बघ म्हणाले. त्यानंतर मला खुर्ची मिळाली. पाय जमिनीला टेकत नव्हते आणि सगळा वर्ग वरून कसा वेगळाच दिसत होता.

म्हणून मीही तेच केलं. ट्रेनिंग करून आले, खेडोपाडी हिंडले, शेवटी वडगावच्या या शाळेत आले आणि पहिल्या आठवड्यातच खुर्चीचा नियम सुरू केला. आमची शाळा सकाळची. पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं आणि समोरच्या भिंतीवर पडतं. दसऱ्यानंतर एकदा मी सांगून टाकलं की सूर्य रोज एकाच जागी उगवतो. कुणालाच खोटं सापडलं नाही. मग मी गेरू दिला आणि म्हटलं, घंटा झाली की रोज ऊन जिथं असेल तिथं रेघ ओढा. पोरींनी ओढल्या. संक्रांतीच्या सुमाराला ऊन दाराजवळ पडत होतं, तिथून ते फळ्याकडे सरकायला लागलं. होळीच्या आधीच माझं खोटं पकडलं गेलं. जिनं पकडलं तीच ही मुलगी. सबंध भिंत गेरूनं माखली आहे, शिपाई माझ्या नावानं बोटं मोडतो.

गेल्या आठवड्यात डेप्युटी साहेब तपासणीला आले. माझ्या खुर्चीवर बसले, वाचन घेतलं, हिशेब घेतला, खूश होते. जाता जाता म्हणाले, "मुलींनो, दिशा कशी ओळखायची? सूर्य रोज एकाच ठिकाणी उगवतो, ती पूर्व." बाई, त्याच मुलीचा हात वर झालेला मला दिसला आणि मी डोळ्यांनी खुणावलं, पण तिचं माझ्याकडे लक्ष कुठं होतं! "कशावरून, साहेब?" साहेबांना गंमत वाटली. तिनं भिंतीकडं बोट करून सगळं सांगितलं, न अडखळता, न घाबरता, दाराजवळची रेघ, फळ्याजवळची रेघ. साहेब गोरेमोरे झाले, तरी 'छान, छान' म्हणाले. इथं थांबलं असतं तर चाललं असतं. पण साहेबांनी छान म्हटलं म्हणजे कारण पटलं, आणि कारण पटलं म्हणजे काय होतं ते माझ्या वर्गाला पाठ आहे. सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. ती चालत पुढं आली, खुर्चीजवळ उभी राहिली, साहेब उठायची वाट बघितली, आणि ते उठेनात तेव्हा हळूच म्हणाली, "उठा की, साहेब."

दारात कमिटीचे अध्यक्ष उभे होते. खादी घालतात, तुरुंगात जाऊन आलेत, चौकात भाषण करताना सरकारला जाब विचारा म्हणून गर्जतात, आणि मी स्वतः त्यांच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या आहेत. त्यांचा चेहरा साहेबांपेक्षा जास्त लाल झाला होता. साहेब गेल्यावर मला म्हणाले, "बाई, मुलींना वळण लावा. प्रश्न विचारायचं एक वय असतं." त्या खादीवाल्याला कशावरून म्हणून विचारायला माझी जीभ उचलली नाही. माफीचा निरोप दुसऱ्या दिवशी आला.

आता भांडणाचं सांगते. तुमच्या वेळीही असाच एक साहेब आला होता. त्याच्या आधी काही दिवस तुम्ही मला आणि आणखी दोघींना शाळेमागच्या तुमच्या स्वयंपाकघरात नेलं होतं. जड वस्तू आधी पडते हे तुमचं त्या दिवशीचं खोटं, आणि आम्हाला ते खरंच वाटत होतं. चुलीवर भात रटरटत होता. तुम्ही पदर खोचलात, वरवंटा आणि चिंचोका घेतलात आणि माळ्याच्या शिडीवर चढलात. वर्गात पुस्तकातलं बोलणाऱ्या तुम्ही स्वयंपाकघरात निपाणीच्या व्हायचात. "सरा गं बाजूला! कपाळमोक्ष करून घेतासा का?" दोन्ही एकदम सोडलंत. धप्प झालं. सारवलेल्या जमिनीला ही एवढी खोक पडली, आणि चिंचोका वरवंट्याबरोबरच पोचला होता. आम्हाला पटेना म्हणून पुन्हा सोडलंत, पुन्हा सोडलंत, जमिनीची चाळण झाली, भात खाली लागला. करपलेला भात आम्ही तिघींनी तुमच्याबरोबर ताक घालून खाल्ला. तेवढ्या चवीचं जेवण मी नंतर फार थोड्या वेळा जेवले असेन.

मग तो साहेब आला आणि म्हणाला, जड वस्तू आधी खाली येते, हे तर शेंबडं पोरही सांगेल. मी हात वर केला. माझ्या नाकात अजून त्या करपलेल्या भाताचा वास होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "खाली बस." एवढंच. आवाज चढवला नाहीत. मी खाली बसले. साहेबांनी शेरा चांगला दिला असणार, शाळा चालू राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला पुढं बोलावलंत आणि खुर्चीवर बसवलंत. मी काही पकडलेलं नसताना. सबंध दिवस मी वर आणि तुम्ही खाली, आणि टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तुम्ही कारण सांगितलं नाहीत. ती माफी होती, बाई? की माझी समजूत काढलीत, गप्प बसावं म्हणून? तुम्ही एकट्या होतात, कपाळ पांढरं, नोकरी गेली असती तर निपाणीला भावाच्या दारात जाऊन पडावं लागलं असतं. आज मला ते सगळं कळतं. पण कळलं म्हणून राग जातो असं नाही. ट्रेनिंगला निघाले तेव्हा तुम्ही तो चिंचोका माझ्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "वरवंटा तुझा तू मिळव." मी हसले. तेव्हाच विचारायला हवं होतं, साहेबासमोर मला खाली का बसवलंत म्हणून.

ऊन कललं. मी त्या मुलीच्या घरी जाऊन येते.

आज गुरुवार. मध्ये कागद तसाच पडून होता. पुन्हा घेतला आहे.

रविवारी तिच्या घरी गेले तेव्हा तिचा बाप मागावर होता, खड्ड्यात पाय सोडून. मला बघून उठायला लागला, मी नको म्हटलं. "बाई, तुमी काळजी करू नकासा. मागंल ती माफी. मी सांगितलंय तिला." तिची आई दारात धान्य निवडत होती. "सायबाला उठा म्हनती! म्हंजे काय म्हनायचं बाई ह्या पोरीला!" असं म्हणून तिनं तोंडाला पदर लावला, आणि ती रडते आहे की हसते आहे हे मला कळेना. मुलगी कोपऱ्यात रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. तिनं रहाट थांबवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, माझं चुकलं ते कशावरून?"

"गप गं!" बाप ओरडला.

आप्पा म्हणतात, अध्यक्ष म्हणतात, बाई म्हणतात, याखेरीज माझ्याजवळ दुसरं काय होतं? आणि ही कारणं नव्हेत, असं मीच तिला वर्षभर घोकवलेलं. मी तिच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "ते मी सांगणार नाही. साहेब काय बोलले, तू काय बोललीस आणि मग तू काय केलंस, हे एकेक सुटं करून बघ. त्यात काय चुकलं ते तूच शोध. जे सापडेल तेच उद्या बोल. मी शेजारी उभी असेन." मागाची खटखट थांबली. "बाई," तिचा बाप म्हणाला, "आन् नाव काढलं म्हंजे?" मी म्हटलं, "तर मी रोज इथं येऊन शिकवीन." "तुमी हितं असतासा तवर," म्हणाला, आणि धोटा पुन्हा सोडला. मी इथं फार दिवस नसणार हे त्याला आधीच कसं कळलं होतं कोण जाणे.

सोमवारी सकाळी अध्यक्ष आणि कमिटीचे आणखी दोघे येऊन बसले. सगळा वर्ग उभा. खिडकीतून ऊन आलेलं. मी आधी बोलले, खुर्चीचा नियम माझा आहे, मुलीला मी शिकवलेलं आहे, बोल लावायचा तर मला लावा. अध्यक्ष म्हणाले, "तुमचं नंतर बघू. मुलीला बोलू द्या." ती पुढं झाली. हात जोडले.

"मी सायबांस्नी उठा म्हनलं ते चुकलं. खुर्चीचा नियम आमच्या वर्गाचा. सायबांस्नी तो ठावं न्हवता. ज्यास्नी नियम ठावं न्हाय त्यास्नी त्या नियमानं उठवू न्हाय. म्हनून मी माफी मागते."

"शाबास," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी उठायची तयारी केली.

"पन सूर्याचं माझं चुकलेलं न्हाय," ती म्हणाली. हात अजून जोडलेलेच. "रेघा हैत भिंतीवर. बघा की."

बाई, तुम्ही तिथं असायला हवं होतात. मला वाटत होतं की माफी मागायची किंवा नाही मागायची, दोनच वाटा आहेत. रविवारभर मी त्या दोन वाटांवर येरझाऱ्या घातल्या. त्या पोरीनं रहाटावर बसून त्या दोन्ही गोष्टी सुट्या केल्या, चुकीच्या तेवढ्याची माफी मागितली आणि बरोबर ते जागच्या जागी ठेवलं. अध्यक्ष उभे राहिले. मग काय मनात आलं त्यांच्या, भिंतीपाशी गेले. फळ्याजवळच्या शेवटच्या रेघेवर बोट टेकलं. त्या वेळी ऊन रेघेच्या जरा पुढं सरकलेलं होतं. बोट तिथंच ठेवून ते बराच वेळ दाराकडच्या रेघांकडे बघत राहिले. "हे सगळं तुम्ही केलं?" पोरी एकसुरात म्हणाल्या, "व्हय!" ते वळले आणि कमिटीच्या लोकांना म्हणाले, "माफी मागितली. झालं." अर्धंच ऐकल्यासारखं केलं त्यांनी. तेवढंही पुष्कळ होतं. मुलीचं नाव राहिलं. माझं संध्याकाळी कळलं, वार्षिक परीक्षा झाली की जांबोटीला बदली. तिकडं म्हणे निम्मी मुलं पावसाळाभर शाळेत येत नाहीत. घाबरायला झालं, खोटं कशाला सांगू.

आणि मी खोटं सांगायचंच बंद केलं. मंगळवारी पुस्तकात होतं तेवढं सांगितलं, सरळ. बुधवारीही. स्वतःशी म्हटलं, आता थोडे दिवस राहिलेत, पोरींना आणखी कशाला गोत्यात आणा. खुर्चीवरून हलले नाही. कुणाच्या लक्षात येणार नाही असं धरूनच चालले होते. आज धडा संपता संपता हिचा हात वर.

"बाई, आज खोटं न्हाय."

मी म्हटलं, "नीट शोध, असेल कुठंतरी."

"न्हायच. काल बी न्हवतं, परवा बी न्हवतं."

"कशावरून?"

"परवाचं आन् कालचं घरी जाऊन समदं तपासलं. आन् खोटं सांगताना तुमी पदराचं टोक बोटाला गुंडाळतासा. ह्या तीन दिसांत येकदा बी गुंडाळलं न्हाय."

मला हे ठाऊकच नव्हतं. वर्षानुवर्षं मी चेहऱ्यावरची रेघ सांभाळत आले आणि बोटं माझी चुगली करत होती! मी हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. कारण पटलं होतं. मी उठले. ती खुर्चीकडे यायला कचरली, मागची आठवण होती ना. मी म्हटलं, मला नियम ठाऊक आहे, बस. ती बसली, मी तिच्या बस्करावर मांडी घातली, आणि टाळ्या वाजल्या. उद्यापासून पुन्हा रोज एक खोटं. परीक्षेपर्यंत इथं, मग जांबोटीला. पदर मात्र घट्ट खोचून घेणार आहे.

तिथं खाली बसल्याबसल्या मला एक आठवलं, तेव्हापासून चैन नाही. साहेब येऊन गेल्यावर, मला खुर्चीवर बसवलंत त्या दिवशी, तुमच्या धड्यात खोटं नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस नव्हतं. आम्ही धडे म्हटले, पाढे म्हटले, कुणी हात वर केला नाही. आम्ही तुमच्या बोलण्यातलं खोटं शोधत होतो, तुमच्याकडे कुणी बघितलंच नाही.

हा कागद पाठवायचा कुठं? घडी घालून चिंचोक्याच्या डबीत ठेवते. राग सगळा गेला असं म्हणणार नाही, थोडा आहे. पण एक सांगायचं राहिलं. रविवारी हे लिहिणं अर्धं टाकून तिच्या घरी निघाले, तेव्हा वाटेनं मी दोनच शब्द घोकत चालले होते, 'खाली बस'. तिनं रहाट थांबवून विचारलं म्हणून ते माझ्या तोंडातच राहिले. तुम्हाला, बाई, कुणी विचारलं नाही. मी मुकाट्यानं खाली बसले होते.